बारवेवरच्या बाईची सोळा पानं

मित्रांनो, मी जुना आहे हे वेगळं सांगायला नको. माझ्या आट्यांवरचा गंज आणि फळ्यांवरचे खळीचे डाग ते तुम्हाला आधीच सांगतील. मी आहे पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानातला शिकंजा. दोन जाड सागवानी फळ्या, मधोमध लोखंडी मळसूत्र आणि वर फिरवायचा दांडा, एवढाच माझा देह. शिवून, खळ लावून झालेलं ओलं पुस्तक माझ्या फळ्यांमध्ये ठेवतात आणि दांडा पिळतात. दुसऱ्या दिवशी ते ताठ होऊन बाहेर पडतं. आत शिरताना गबाळं असलेलं पुस्तक बाहेर निघताना नवरदेवासारखं दिसतं, आणि त्यात माझा मोठा वाटा असतो असं मला अजूनही वाटतं.

पण माझं एक दुःख आहे. हजारो पुस्तकं माझ्या पोटातून गेली, पण मी वाचलं एकही नाही. माझ्याकडे पुस्तक येतं ते मिटलेलं, आणि जातं तेही मिटलेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं माझं आयुष्य गेलं. गोष्ट माझ्या पोटात असायची, आणि ती कळावी म्हणून मी दुकानात येणाऱ्यांच्या बोलण्याकडे कान लावून बसायचो.

माझं लाकूड पेठकडच्या रानातलं. मळसूत्र भद्रकालीतल्या एका लोहाराने ओतून, घासून दिलं. नाशकात रविवार कारंजाजवळच्या एका बोळात दहा बाय बाराचं दुकान आहे, तिथे चौऱ्याहत्तर साली मला बसवलं. मालकाचं नाव मल्हारी. आडदांड माणूस, पण सुई हातात घेतली की बोटं अशी चालायची की बघत राहावं. शाळा दुसरीत सुटलेली. त्याला अक्षरं फारशी लागायची नाहीत, आकडे मात्र पक्के. पानांचे आकडे बघून तो फर्मे लावायचा. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाची घडी घालून झालेली सोळा पानं. एका फर्म्याच्या जागी दुसरा गेला की पुस्तक वाया. मल्हारी म्हणायचा, "चोरी केली तर एक वेळ देव माफ करंल. पान हिकडचं तिकडं केलं तर नाय."

आणि छापलेल्या शब्दावर त्याची अशी श्रद्धा, की कुणी वाद घातला तर तो एवढंच विचारायचा, "छापलेलं हाय का?"

दुकानात सर्वांत जास्त काम यायचं नानांच्या वाचनालयातून. नाना म्हणजे अशोकस्तंभाजवळ घरच्या घरी वाचनालय चालवणारे एक निवृत्त कारकून. त्यांची कादंबरी दहा हातांतून फिरली की खिळखिळी व्हायची आणि माझ्याकडे यायची. मुलांच्या चित्रकथा तर पातळ, आठवड्यात फाटायच्या. म्हणून नाना आठ-आठ चित्रकथा एकत्र शिवून त्यांचं एक जाडजूड पुस्तक करून घ्यायचे. वर काळं कापड आणि पाठीवर नंबर. त्यातला एक नायक मुलांचा फार लाडका होता. त्याचं नाव कडाडसिंग. तो काय करायचा ते मला कळायचं नाही, पण त्याचं पुस्तक माझ्यात आलं की त्याला चिंचेचा आणि भेळेचा वास यायचा.

मल्हारीची बायको लवकर गेली होती. एकुलती एक लेक सविता. ती दहावी झाली आणि दुकानातच फर्मे घालायला, शिवायला बसू लागली. शिवता शिवता ती वाचायची. बापाला दिसू नये म्हणून पुस्तक मांडीवर उघडं ठेवून वर पुठ्ठा धरायची. मला तिचा फार हेवा वाटायचा.

शहाण्णव साली चांदवडहून पाहुणे तिला बघायला आले. घर दुकानाच्या मागेच होतं. मल्हारी एक डोळा पाहुण्यांवर आणि एक डोळा कामावर ठेवून दिवसभर आत-बाहेर करत होता. त्या दिवशी माझ्यासमोर दोन ढीग होते, एक कादंबरीचा आणि एक चित्रकथांचा. दोन्ही एकाच आकाराचे. पाहुण्यांनी होकार दिला. मल्हारीने पेढ्याच्याच हातांनी दोन्ही पुस्तकं शिवली आणि माझ्यात ठेवून दांडा पिळला. सविताचं लग्न झालं. ती ललित नावाच्या कांद्याच्या अडत्याच्या घरी गेली. त्या दिवशी काही चुकलं असेल असं मलाही वाटलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांत बोळात केबल आली, आणि माझ्या कानावर एक नवाच विषय पडू लागला. पूर्वी लोक म्हणायचे, पुस्तक चांगलं आहे, पुस्तक रटाळ आहे. आता म्हणू लागले, "पुस्तकात असं नव्हतं!" मित्रांनो, मी चक्रावलो. एकच गोष्ट दोन तऱ्हेने असू शकते हे मला कधी सुचलंच नव्हतं. जी गोष्ट माझ्या पोटात होती ती खरी, की समोरच्या सरुबाईंच्या टीव्हीवर दिसते ती?

हे सगळं टोकाला गेलं नव्याण्णव साली. पिंपळगाव बसवंतच्या एका मास्तरांनी फार वर्षांपूर्वी पदरमोड करून एक कादंबरी छापली होती. पाचशेच प्रती. सासर सोडून आलेल्या गिरिजा नावाच्या बाईची गोष्ट, गावाबाहेरच्या बारवेवर सुरू होणारी. बारव म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर. मास्तर वारले, पुस्तक विसरलं गेलं. नानांकडे मात्र एक प्रत होती आणि लोक तिला बारवेची कादंबरी म्हणायचे. शहरातल्या एका केबलवाल्याला ती कुठून तरी मिळाली आणि त्याने तिच्यावर तेरा भागांची मालिका काढली. दर गुरुवारी संध्याकाळी. सगळी माणसं आपल्याकडचीच, त्यामुळे गुरुवारी बोळ ओस पडायचा.

शुक्रवारी सकाळी माझ्यासमोर कोर्ट भरायचं. नाना तावातावाने यायचे. "मल्हारी, मास्तरांची गिरिजा सावळी आहे. हिने तोंडाला पावडरचा डबा उपडा केलाय! आणि मास्तरांनी वीस पानं नुसता दुष्काळ लिहिला, तो यांनी एका गाण्यात उडवला!"

"मग बघता कशाला?" सरुबाई विचारायच्या. त्या दोन घरची धुणीभांडी करून टीव्हीचे हप्ते फेडणाऱ्या. बोळातल्या निम्म्या बाया त्यांच्याच ओट्यावर बसून मालिका बघायच्या.

"किती वाट लावतात ते बघायला नको?"

"नाना, तुमच्या पुस्तकात बैलाच्या घुंगराचा आवाज येतो का? मला आला. अंगठा लावणारी बाई मी. तुमचं पुस्तक पंचवीस वरीस कपाटात होतं, कधी सांगितलं का मला, आत कोन हाय?"

मला सरुबाईंचंही पटलं, आणि नानांचंही पटलं. माझी पंचाईत अशी, की मी ना पुस्तक उघडलेलं, ना टीव्ही पाहिलेला. गिरिजा सावळी की गोरी, हे मी कुणाच्या डोळ्यांनी बघायचं?

त्याच दिवसांत सविता एक पिशवी घेऊन माहेरी परत आली होती. तिने बापाला सांगितलं होतं, की ललित कामाला जाताना घराला बाहेरून कडी लावून जातो. मल्हारी म्हणाला होता, "काळजी असंल त्याला. सगळ्यांचं असंच चालतं पोरी, थोडं सोस." ती सुई-दोरा घेऊन पुन्हा माझ्याजवळ बसली.

मालिकेचा शेवटचा भाग झाला त्या संध्याकाळी मल्हारी सरुबाईंच्या ओट्यावरून डोळे पुसतच आला. शेवटी काय झालं ते सगळ्या बोळाला ठाऊक होतं. गावकऱ्यांनी गिरिजाला समजावलं, तिने नवं कोरं लुगडं नेसलं, सनई वाजली आणि ती बैलगाडीतून सासरी गेली.

"गेली बघ सवे ती," मल्हारी म्हणाला. "एवढी तोऱ्याची बाई, पन गेली. आपनबी आता हट्ट सोडू. रविवारी खंडेराव येनार हायेत तुला न्यायला."

खंडेराव म्हणजे सविताचे चुलत सासरे, चांदवडचे वजनदार माणूस. सविताचा हात थांबला. "आबा, ती टीव्हीतली बाई. पुस्तकात तसं कशावरून?"

"सुरवातीलाच पाटी येती की, मास्तरांच्या पुस्तकावरनं घेतलंय म्हनून. छापलेलं हाय, सवे. छापलेलं काय खोटं असतं?"

सविताने दुसऱ्या दिवशी सकाळी नानांकडून ती कादंबरी मागवली. नाना स्वतः घेऊन आले, पण चेहरा पडलेला. दोनशे आठव्या पानावर गिरिजा बारवेच्या पायरीवर बसलेली, वरच्या पायरीवर तिचा बाप येऊन उभा राहिलेला, आणि पुढे काही नाही. शेवटची सोळा पानं गायब. "कुणी तरी फाडून नेली," नाना म्हणाले. "तीन वर्षं झाली, वाचक माझ्या नावानं शिमगा करतायत."

"पण नाना, तुम्ही वाचली होती ना? ती जाते का परत?"

"मला वाटतं, नाही जात. पण पोरी, वाचून पंचवीस वर्षं झाली. मला आठवतंय ते मास्तरांचं की माझ्या मनाचं, हे शपथेवर नाही सांगता येणार."

मल्हारी म्हणाला, "वाटण्यावर नाय जायचं. छापलेलं दाखवा. त्यात ती गेली नसंल, तर मी रविवारी पोरीला जबरदस्ती करनार नाय. माझा शब्द हाय."

बघा मित्रांनो, एका बाईचं सगळं पुढचं आयुष्य सोळा पानांवर येऊन अडकलं. माणसं असं करतात. मला हसूही येत होतं आणि रागही. समोर बसलेल्या लेकीचा शब्द त्याला पुरत नव्हता, त्याला कागद हवा होता. नाना त्याच दुपारी एस.टी.ने पिंपळगावला गेले. मास्तरांच्या घराच्या जागी द्राक्षांचं शीतगृह उभं होतं, आणि उरलेल्या प्रती कधीच रद्दीत गेल्या होत्या. संध्याकाळी ते हात हलवत परत आले. सविताने पिशवीत कपडे भरले. एकेका कपड्याची ती इतकी सावकाश घडी घालत होती, की फर्मे लावतेय असं वाटावं.

शनिवारी शाळा लवकर सुटली. नानांची नात यशश्री फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन दुकानात आली. दहा वर्षांची, दोन वेण्यांची, आणि प्रत्येक गोष्टीवर मत असणारी पोर. ती आली तीच फुरंगटून.

"सविताताई, कडाडसिंगची मालिका बघितलीस? शी! पूर्ण बिघडवलाय त्याला."

"काय बिघडवलं?" सविताने मान वर न करता विचारलं.

"त्याचा पोशाख निळा असतो, यांनी जांभळा केलाय. पोट सुटलंय त्याचं. आणि तो चोराच्या मागे विहिरीत उडी मारतो ना, तिथे यांनी पोहण्याचा तलाव दाखवलाय. टाइल्सवाला! आणि मुख्य म्हणजे, ती बाई दाखवलीच नाही."

"कोणती बाई?"

"अगं ती, बारवेच्या पायरीवर बसलेली. कडाडसिंग पाण्याखाली असतो तेव्हा वर ती बाई असते ना? तिचे बाबा येतात. तिथे चित्रंच नाहीत, नुसतं लिहिलेलंय. बाकीची मुलं ती पानं सोडून देतात, पण मी दर वेळी वाचते. मला वाटायचं, कडाडसिंग खालून सगळं ऐकतोय. टीव्हीवाल्यांनी सगळं गाळलं!"

सविताच्या बोटात सुई रुतली. मल्हारी हातातला पुठ्ठा खाली ठेवून उभा राहिला.

यशश्री धावत जाऊन ते काळ्या कापडाचं पुस्तक घेऊन आली. मल्हारीने ते माझ्या वरच्या फळीवर ठेवलं आणि थुंकी लावून पानं उलटली. कडाडसिंगने विहिरीत उडी मारली, आणि पुढच्या पानावर कोपऱ्यात आकडा होता दोनशे नऊ. मल्हारीने एकेक आकडा बोटाने मोजला. दोनशे चोवीसला तो थांबला. शिलाई त्याचीच होती. तिहेरी गाठ तो एकटाच मारायचा.

"सवे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "कुनी फाडली नाय. मीच हिकडचं तिकडं केलं. तुला बघायला आले होते, त्या दिवशी."

मग तो माझ्या पायाशी बसला आणि म्हणाला, "वाच."

मित्रांनो, तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर एक पुस्तक उघडं पडलं होतं. इतकी वर्षं मी लोकांची मतं ऐकली होती. पुस्तक काय म्हणतं ते त्या दिवशी ऐकलं. सविता सोळा पानं संथपणे वाचत गेली. बाप बारवेवर येतो. गावाने त्याला पढवून पाठवलेलं असतं, पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. बराच वेळ तो पाण्याकडे बघत बसतो. उन्हं कलतात. गिरिजा उठते, एक एक पायरी चढून वर येते, बापाच्या बाजूने निघून रस्त्यावर जाऊन उभी राहते. आणि मग शेवटच्या पानावर एवढंच आहे, की बापाने तिचं गाठोडं उचललं, तिच्या मागे येऊन उभा राहिला आणि विचारलं, "कोणत्या बाजूला?"

संपलं. मी मनात म्हटलं, पुढे? सासरी की कुठे? नाना जे म्हणाले तेही नव्हतं आणि केबलवाल्याने दाखवलं तेही नव्हतं. इतक्या मतांमध्ये हे एकानेही सांगितलं नव्हतं.

मल्हारी उठून लेकीसमोर येऊन उभा राहिला. मग त्याने विचारलं, "तो कडी लावतो म्हनालीस ती बाहेरनं?"

"हो आबा. उन्हाळ्यातसुद्धा. शेजारी आग लागली होती, तेव्हा मी आत होते."

"हे मला सांगितलं नाय."

"आबा, तीनदा सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत."

त्या संध्याकाळी मल्हारीने चित्रकथांची शिलाई उसवली. सोळा पानं काढली आणि कादंबरीच्या शेवटी स्वतःच्या हातांनी शिवली. रविवारी सकाळी सविताने पाठीला खळ लावली आणि पुस्तक माझ्या फळ्यांमध्ये ठेवलं, तोच खंडेराव दारात आले. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, सोबत जीप.

"चला सूनबाई," ते म्हणाले. "आता ताणू नका. गुरुवारी आख्ख्या नाशकाने टीव्हीवर बघितलं. शेवटी बाईची जागा कुठं असते ते."

मला भीती वाटली. मल्हारी हा मोठ्या माणसांपुढे वाकणारा माणूस. तो उठला, आत गेला आणि सविताची भरलेली पिशवी घेऊन आला. खंडेरावांनी ती घ्यायला हात पुढे केला. पण मल्हारी त्यांच्याकडे गेला नाही. तो लेकीच्या मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सवे, कोणत्या बाजूला?"

खंडेरावांना काही कळलं नाही. सविताला कळलं. तिने बापाकडे बघितलं, डोळे पदराने टिपले आणि म्हणाली, "आबा, खळ वाळतेय. दांडा पिळा."

मल्हारीने पिशवी माझ्याशेजारी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी दांडा धरला. मी आजवर इतका आवळलो गेलो नव्हतो, आणि मला कधी इतकं बरंही वाटलं नव्हतं. खंडेराव बरंच बोलले. मग जीप एकटीच चांदवडला गेली.

आठवड्याने यशश्री रडकुंडीला येऊन दुकानात हजर. "कडाडसिंगमधून बाई काढून टाकलीत! आता हेसुद्धा टीव्हीसारखंच झालं!" सविता हसली. ती कोपऱ्यावरून सोळा पानांची झेरॉक्स काढून घेऊन आली. आणि ज्या मल्हारीला पान इकडचं तिकडं करणं हे पाप वाटायचं, त्यानेच ती बाई पुन्हा कडाडसिंगच्या विहिरीवर नेऊन शिवली, तीही तिहेरी गाठ मारून.

या गोष्टीला आता दहा वर्षं होत आली. मल्हारी थकला आहे. दुकान सविताचं आहे. कॉलेजच्या पोरांना तारेचं बाइंडिंग हवं असतं, त्याला माझी गरज लागत नाही. महिन्यातून एखादं जुनं पुस्तक माझ्या वाट्याला येतं. एरवी माझ्या दांड्यावर फळी टाकून टीव्ही ठेवलेला असतो. गंमत बघा, डोक्यावर टीव्ही आणि पोटात पुस्तक, आणि मला दोन्ही दिसत नाहीत. सरुबाई आणि मल्हारी समोर बसून मालिका बघतात. मल्हारी अधूनमधून विचारतो, "सवे, ह्याचं पुस्तक हाय का? वाचून दाखव बरं, ह्यांनी काय काय बदललंय." सुधारला म्हातारा.

मित्रांनो, माझ्या आट्यांना वर्षातून एकदा तेल घाला आणि खळीचे डाग ओल्या फडक्याने पुसा, एवढं मागणं मी मागेनच. पण खरं मागणं वेगळं आहे. पुस्तकावरून पडद्यावर काही आलं की जरूर बघा. सरुबाईंसारखं मनापासून बघा, नानांसारखं भांडा, यशश्रीसारखं रुसा. पुस्तक थोर की पडदा थोर, ते मला ठाऊक नाही. पण मत देण्याआधी एकदा उघडून बघा. पुस्तकही, आणि समोर बसलेलं माणूसही. मी आयुष्यभर सगळं मिटलेलंच पाहिलं, तो माझा नाइलाज होता. तुमचा नाही.